बिडाचा तवा आणि ट्रॅकवरचे ब्रेक पॅड

बिडाचा नवा तवा आणला की त्याच दिवशी त्यावर कुणी घावन घालत नाही, आधी धुवायचा, तेल लावून तापवायचा, निवू द्यायचा, परत तेल, असं तीनचारदा केलं की काळसर थर धरतो आणि मग घावन अलगद सुटतं. गाडीची ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात) तीपण बहुतेक वेळा बिडाचीच असते आणि तिलाही असा थर लागतो, फक्त तो तेलाचा नाही (तेलाचा थेंबही तिथे नको), पॅडच्याच मटेरियलचा. नवीन पॅड टाकून थेट रेसच्या ट्रॅकवर जाणारे नेमकं हेच विसरतात, मीपण विसरलो होतो.

चेन्नईजवळच्या सर्किटवर पहिल्यांदा गेलो तेव्हा आदल्या रात्री पॅड बदलले होते. तिसऱ्या लॅपला पेडल दगडासारखं कडक आणि गाडी काही थांबेना, सरळ बाहेर मातीत गेलो. झालं काय, तर पॅडचे घटक धरून ठेवणारं रेझिन पहिल्यांदाच एवढं तापलं की त्यातून गॅस सुटतो आणि पॅड-डिस्कची पकड जाते. याला ग्रीन फेड म्हणतात. पेडल उलट मऊ होऊन खालपर्यंत गेलं असतं तर समजायचं ब्रेक ऑइल उकळलं. हा फरक पाठच करून ठेवा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

उष्णता किती होते ते बघा. 1200 किलोची गाडी ताशी 180 वरून 80 वर आणायची म्हणजे साधारण 12 लाख ज्यूल, म्हणजे चार लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता चारेक सेकंदात, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराहून लांब सरळ रस्ता संपतो आणि लगेच घट्ट वळण येतं, तिथे हे दर लॅपला होतं, डिस्कला निवायला वेळच मिळत नाही.

मग सगळ्यात कडक रेसिंग पॅड घ्यायचे का? माझं मत, नाही. ते तापल्यावर भारी चालतात पण गार असताना पकडतच नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात, आणि पुण्याहून चेन्नईला 1200 किलोमीटर हायवेने जाणाऱ्याला पहाटे समोर अचानक गाय आली तर गार ब्रेकच लागणार आहेत ना. बऱ्याच पॅडवर दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं नेहमीच्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं जास्त तापल्यावरचं, ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. पण ती चाचणी ट्रॅकवरच्या तापमानापर्यंत जातच नाही, त्यामुळे कंपनीने दिलेली तापमानाची रेंज बघूनच घ्या. वर्षातून दोनतीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला रस्ता-ट्रॅक दोन्हीचे मधले पॅड पुरतात. ट्रॅकवर पोचून पॅड बदलणार असाल तर डिस्कचा वेगळा सेट ठेवा, नाहीतर एका मटेरियलच्या थरावर दुसरं घासलं जातं आणि पकड कधी आहे कधी नाही असं होतं.

ब्रेक ऑइल ताजंच हवं. डॉट 4 या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग त्याचं मानक फक्त 155 चं आहे, कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या गाडीचं तर बदलाच.

आता थर बसवणं. कंपनीची पद्धत असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळा रस्ता, मागे कुणी नाही, ताशी 100 वरून 20 पर्यंत दमदार पण एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागणार नाही असा ब्रेक, असे आठदहा वेळा, पूर्ण थांबायचं मात्र नाही. जळका वास येईल, येऊ द्या. मग दहापंधरा मिनिटं ब्रेक न लावता चालवून निववा. रेसिंग पॅडला रस्त्यावर तेवढं तापमान मिळत नाही, ते ट्रॅकवरच हळूहळू जोर वाढवत बसवायचे आणि लगेच एक सेशन (ट्रॅकवर चालवायची एक पाळी) विश्रांती.

तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा शिक्का तिथेच उमटतो, मग पेडल थडथडतं आणि मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, थर कमीजास्त झालेला असतो, वेळीच पॉलिश पेपरने साफ करून परत थर बसवला तर वाचते. तशीच रेटली तर त्या जागा 650 अंशांच्या पुढे तापतात, बिडाची रचनाच बदलून कडक टिपके पडतात आणि मग डिस्क टाकूनच द्यावी लागते.

म्हणून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत) आल्यावर हँडब्रेकही लावू नका, गियरमध्ये ठेवून चाकाला ओट लावा. गार झाल्यावर डिस्क उजेडात बघा, सगळीकडे एकसारखी करडी-निळसर झाक दिसली की पॅड बसले.