विरोधकाचे म्हणणे आपल्या तोंडून

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, ती तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने. आणि ते तासगाव तालुक्यातील अंजनीचे. त्यामुळे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोडीच्या कागदावर सह्या घेणे सांगली जिल्ह्याला नवीन नाही. सह्या झाल्यावरही दोन्ही घरांतील माणसे एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत, हेही नवीन नाही. वाद मिटला तरी वैर का उरते, याचा विचार मानवतावादी मानसशास्त्राने, म्हणजे माणसाचा अनुभव आणि त्याची वाढण्याची क्षमता केंद्रस्थानी मानणाऱ्या विचारधारेने, विशेष आस्थेने केला आहे.

या विचारधारेतील एक प्रमुख अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्या मते माणूस उपदेशाने बदलत नाही. ऐकणारा मुखवटा न घालता समोर बसतो, अटी न घालता त्याला स्वीकारतो आणि त्याचे जग त्याच्या जागेवरून पाहतो, तेव्हा तो बदलू लागतो. येथे स्वीकारणे म्हणजे कृत्याला संमती देणे नव्हे. परक्याचे वाक्य कानावर पडताच ते बरोबर की चूक हे ठरवून टाकण्याची आपली सवय हा संवादातील मोठा अडसर आहे, असे सांगून रॉजर्स यांनी १९५२ च्या सुमारास एक साधा नियम सुचवला: आधीच्या वक्त्याचे म्हणणे आणि भावना त्याचे समाधान होईपर्यंत आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय स्वतःचा मुद्दा मांडायचा नाही.

नियम दिसतो तितका सोपा नाही. समजा, आटपाडीकडच्या एका पोटचारीवर, म्हणजे कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या छोट्या चारीवर, आवर्तनावरून (पाणी सोडण्याच्या पाळीवरून) वरच्या वस्तीचे आणि टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी हातघाईवर आले आहेत. टेलचा शेतकरी म्हणतो, “तुमच्या उसाला तिसरं पाणी झालं, आमची डाळिंबं वाळली, आणि विचारायला आलो तर तुमची पोरं हसली.” वरच्या वस्तीचा माणूस हे पुन्हा सांगतो, “म्हणजे आम्ही पाणीचोर, असं यांचं म्हणणं.” पहिला मान हलवतो, चोर हा शब्द त्याने वापरलेलाच नसतो. दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नाला वाक्य येते, “बाग गेल्याचं दुःख आहेच, पण पोरं हसली ते जास्त लागलं.” टेलचा शेतकरी यावर “हां” एवढेच म्हणतो. पाण्याबद्दल अद्याप काहीच ठरलेले नाही, तरी स्वतःचा बचाव करण्यात गुंतलेले मन थोडे मोकळे झाले आहे, आणि आता तो समोरच्याचेही ऐकू शकतो.

दोन व्यक्तींचे जे होते ते दोन गटांचे सहज होत नाही, कारण गटात मवाळ बोलणाऱ्याला त्याचीच माणसे फितूर ठरवतात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील संघर्षात १९७२ या एका वर्षात सुमारे पावणेपाचशे माणसे मारली गेली. त्या काळात रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेलफास्टमधील कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि एक निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकारी अशा नऊ जणांना अमेरिकेत पिट्सबर्गला नेऊन काही दिवसांत मिळून सुमारे २४ तास एकत्र बसवले. आपल्या गल्लीची नजर तेथे पोहोचत नव्हती, हा या बैठकीचा मोठा लाभ होता, असे मला वाटते. आरंभी राग आणि अविश्वासच बाहेर आला. नंतर दोन्ही बाजूंनी सोसलेली भीती आणि मृत्यूंचे दुःख बोलले गेले. बैठकीचे चित्रण झाले होते. परतल्यावर त्यांतील काही जण एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट अशा जोडीने ते लोकांना दाखवून चर्चा घडवू लागले. शतकांचे वैर अर्थातच २४ तासांत संपले नाही. हिंसाचार पुढे बरीच वर्षे चालूच राहिला.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. ऐकून घेतल्याने कालव्यातले पाणी थेंबभरही वाढत नाही, आणि चारीचे दार फिरवण्याची सत्ता एकाच बाजूच्या हाती असेल तर नुसते सहानुभूतीचे शब्द दुबळ्याची फसवणूक ठरतात. म्हणून आवर्तनाचे वेळापत्रक आणि मोजमाप हवेच; फक्त ते आधी लादण्याऐवजी ऐकण्यानंतर दोघांनी मिळून लिहावे. दुसरी अडचण मध्यस्थाची आहे. गावच्या तंटामुक्ती समितीतील सदस्यही कोणत्या ना कोणत्या भावकीचा असतो, तेव्हा ही बैठक चालवायला ज्याचे एक गुंठाही त्या चारीवर नाही असा, शक्यतो शेजारच्या तालुक्यातला, माणूस बोलवावा.