पूर्वेचे चर्च

सासानी इराणच्या साम्राज्यात संघटित झालेला आणि व्यापारी मार्गांनी मध्य आशिया, चीन व भारतापर्यंत पोहोचलेला प्राचीन ख्रिस्ती पंथ. ‘नेस्टोरियन चर्च’ हे त्याचे रूढ नाव विरोधकांनी दिलेले आहे. मरियेला ‘देवाची माता’ न म्हणता ‘ख्रिस्ताची माता’ म्हणावे, असा आग्रह धरणाऱ्या कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरियस या धर्माध्यक्षाला ४३१ च्या एफिसस परिषदेने पाखंडी ठरवले. इराणातले चर्च त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते.

या पंथाची धर्मभाषा सिरियाक, म्हणजे अरामीचीच एक बोली. एडेसा आणि निसिबिस ही त्याची विद्याकेंद्रे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि इराणातल्या ख्रिस्त्यांचे दिवस फिरले, कारण शत्रूचा धर्म पाळणारी प्रजा शाहला फितूर वाटू लागली. दुसऱ्या शापूरने त्यांच्यावर दुप्पट कर लादला. तो वसूल करून द्यायला बिशप शिमोन बार सब्बाए याने नकार दिला, तेव्हा त्याला ठार मारण्यात आले. पुढे ४१० मध्ये शाह पहिल्या यज्दगर्दच्या संमतीने सेल्युशिया-टेसिफोन या सासानी राजधानीत परिषद भरून चर्चची घडी बसली, आणि ४२४ मध्ये पश्चिमेकडच्या बिशपांकडे दाद मागायची नाही असे ठरले. या निर्णयात तत्त्वज्ञानापेक्षा जीव वाचवण्याची निकड अधिक दिसते.

रोमला सम्राट होता, या चर्चला स्वतःचा राजा कधीच लाभला नाही. त्यामुळे त्याचा प्रसार झाला तो मठवासी, व्यापारी आणि वैद्य यांच्या पायांनी. मर्व्ह, समरकंद अशा काफिल्यांच्या शहरांत बिशप बसले. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने भारतातील ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमला जाणारा बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे गाव म्हणजे ठाणे जिल्ह्यातले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. केरळात मात्र पुरावा अधिक ठोस आहे. कोल्लमच्या चर्चला ८४९ मध्ये दिलेल्या ताम्रपटावर पहलवी, अरबी आणि हिब्रू लिप्यांत साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्या बंदरात कोण कोण राहत असे, हे त्यावरून कळते.

चीनमधली कहाणी शिलालेखामुळे हाती लागली. ७८१ मध्ये कोरलेली आणि सतराव्या शतकात शीआनजवळ पुन्हा सापडलेली ही शिळा सांगते, की आलोपेन नावाचा धर्मोपदेशक ६३५ मध्ये तांग घराण्याच्या राजधानीत, छांगआनला (आजचे शीआन) आला. सम्राट ताइझोंगने त्याचे ग्रंथ भाषांतरित करून घेतले, आणि ६३८ च्या फर्मानाने २१ जणांचा मठ उभा राहिला. शिलालेखाचा मजकूर रचणारा जिंगजिंग ऊर्फ आदम हा तर प्रज्ञ या बौद्ध भिक्षूबरोबर एका बौद्ध सूत्राच्या भाषांतराला बसला होता. ते भाषांतर सम्राटाला पसंत पडले नाही, हा भाग वेगळा.

याच सुमारास बगदादमध्ये पहिला तिमथी (कार्यकाल ७८०–८२३) हा कुलगुरुपदी, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या (पेट्रिआर्क) पदी होता. पंथाचा हा सर्वांत कर्तबगार नेता. खलिफा अल-महदीशी त्याने केलेला धर्मसंवाद सिरियाकमध्ये उपलब्ध आहे. खलिफाच्याच सांगण्यावरून त्याने अॅरिस्टॉटलच्या एका ग्रंथाचे भाषांतर करवले. तुर्कांसाठी त्याने प्रमुख बिशप नेमला आणि तिबेटसाठीही नेमण्याची तयारी चालवली, असे त्याची पत्रे सांगतात. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याचे ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक याच पंथातला.

राजाश्रय मात्र उसना होता. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने बौद्ध मठांवर घाला घातला, त्यात ख्रिस्ती मठही गेले. मंगोलांच्या काळात पुन्हा बरे दिवस आले. कुब्लाई खानाची आई सोरघाघ्तानी ही ख्रिस्ती होती. बीजिंगकडचा मठवासी रब्बान सौमा १२८७ मध्ये इराणच्या मंगोल राजाचा दूत म्हणून युरोपात गेला, फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांना भेटला. पण १२९५ मध्ये इराणचा मंगोल राजा गाझान मुसलमान झाला, आणि तैमूरच्या स्वाऱ्यांनंतर हा समाज मुख्यतः उत्तर इराक आणि आसपासच्या डोंगराळ भागात उरला.

मलबारात घाव घातला तो ख्रिस्त्यांनीच. गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयम्पेरूर येथे परिषद भरवून तिथल्या ख्रिस्त्यांना रोमच्या अधीन आणले आणि ‘पाखंडी’ ठरवलेले सिरियाक ग्रंथ जाळायला किंवा दुरुस्त करायला लावले. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील कत्तलींमुळे उरलेले अनुयायी इराक, सीरिया आणि पुढे अमेरिकेत पांगले. अनेक दशके शिकागोत असलेले कुलगुरूंचे पीठ २०१५ मध्ये इराकमधील एर्बिलला परतले. भारतात या चर्चची शाखा केरळातील त्रिशूर येथे आहे.