डब्याखालचा ५ म्हणजे पाच वर्षं नव्हे

परवा इतवारी बाजारात प्लास्टिकचा डबा घेताना शेजारच्या काकूंनी तो उलटा केला आणि म्हणाल्या, "५ लिहिलंय बघ, पाच वर्षं चालेल. १ वाला एकदाच वापरायचा." हे मी लहानपणापासून ऐकतो आहे. हा समज चुकीचा आहे.

डब्याखालच्या त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तो कचरा वेगळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी आणला. १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे बाकी सगळं. वयाचा किंवा दर्जाचा त्यात उल्लेखच नाही.

मग १ नंबरची बाटली गरम पाण्याने आक्रसते ती का? ती घडवण्याच्या पद्धतीमुळे. आधी परीक्षानळीसारखी जाड नळी ओततात, ती तापवून ताणतात आणि साच्यात हवा फुंकून फुगवतात. पेट ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. कढत पाणी ओतलं की तो ताण सुटतो आणि बाटली वेडीवाकडी होते. पॉलिप्रॉपिलीन मात्र १६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गरम भाजी भरली तरी त्याचा डबा टिकतो.

डब्याच्या बुडाशी मधोमध बोटाला लागणारा खरखरीत ठिपका असतो. ते बुजवलेलं भोक नाही. वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात शिरलं ती जागा आहे. खाण्यासाठी डबा घेताना आकड्याऐवजी पेला आणि काट्याचं चिन्ह शोधा. काकूंना मी तेच दाखवलं.