भागाकार म्हणजे नुसती वाटणी नव्हे

शाळेत भागाकार शिकवतात तो लाडू वाटून. १२ लाडू, ४ पोरं, प्रत्येकाला ३, झालं गणित. पण बाजारात, शेतात, लग्नघरात आपण जो भागाकार करतो तो बऱ्याचदा वाटणीचा नसतोच, आणि हे पोरांना कुणी सुटं करून सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बघा, लग्नासाठी १२ किलो कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, आणलाय. ४ घरी सारखा पाठवायचा तर घरटी ३ किलो. तोच कुंदा ४-४ किलोच्या डब्यांत भरायचा म्हटलं तर डबे लागतात ३. दोन्हीकडं १२ भागिले ४ आणि उत्तर ३च, पण पहिल्यात ते किलो आहेत, दुसऱ्यात डबे. पहिल्यात घरं किती ते माहीत आणि प्रत्येकाचा वाटा शोधायचा, दुसऱ्यात एका डब्याचं माप माहीत आणि डबे किती ते शोधायचं. पहिली वाटणी, दुसरी मोजणी.

हा फरक कळला की ६ भागिले अर्धा बरोबर १२ हे गणित घाबरवत नाही. अर्ध्या पोराला लाडू कसे वाटणार, म्हणून वाटणी धरून बसलं की डोकं चालत नाही, आणि भागलं की संख्या लहानच व्हायला पाहिजे असं पोरं पक्कं धरून बसतात. पण दुकानदार ६ किलो कुंदा अर्ध्या अर्ध्या किलोच्या बॉक्समध्ये भरत बसला की एका किलोत दोन बॉक्स, म्हणजे ६ किलोत १२, हे कुणालाही दिसतं.

तिसरा अर्थ दराचा. खानापूरकडं कुणी सांगतो, २० गुंठ्यांत ८ पोती भात झालं. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे हा अर्धा एकर, मग एकरी पडलं १६ पोती. इथं पण ८ला अर्ध्यानंच भागलं की, पण ना कुणाला वाटलं ना काही डब्यात भरलं.

भागून उरते त्या बाकीचं पण तसंच. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला ५३ जण निघाले आणि एका गाडीत १२ बसतात, तर भाग ४ वेळा जातो, बाकी ५, पण गाड्या ५ कराव्या लागतात. ५३ नारळ १२ घरांत वाटायचे असतील तर घरटी ४च, उरलेले ५ बाजूला. आकडे तेच, पण बाकीचं काय करायचं ते कशाला भागतोय त्यावर ठरतं.

शून्यानं भागायची गोष्ट याच्यातूनच उलगडते. आपल्याच कर्नाटकात ९व्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अपूर्णांकानं भागायचं तर भाजक उलटा करून गुणा, हा आजही शाळेत चालणारा नियम त्यात आहे. त्याच ग्रंथात शून्यानं भागलं तर संख्या तशीच राहते असंही म्हटलंय. वाटणी डोळ्यापुढं ठेवली तर हे पटण्यासारखं वाटतं, घेणारं कुणी नाही मग ढीग जिथल्या तिथं. पण मोजणीनं बघा, डब्यात शून्य किलो भरायचा तर कितीही डबे भरा, १२ किलो काही संपत नाही. आणि ताळा करायला गेलं तर कुठल्याही संख्येला शून्यानं गुणलं की शून्यच येतं, १२ कधीच नाही, म्हणून आज गणितात शून्यानं भागाकार करतच नाहीत.