स्मृतिभ्रंशातील कलोपचार : ग्रामीण विदर्भातील साधने आणि रीत

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झालेली व्यक्ती आणि तिला सांभाळणारे माणूस यांनी एकत्र बसून रंग, माती, रांगोळी, कापूस अशा साधनांत हाताने काम करणे, आणि त्यातून रुग्णाची अस्वस्थता कमी करून दोघांमधला संवाद टिकवणे, या पद्धतीला कलोपचार म्हणतात. काटेकोर अर्थाने प्रशिक्षित कलोपचारक घेतो तोच कलोपचार. सून, लेक, आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडीताई जे करून घेतात ते कलेच्या आधाराने केलेले काम. विदर्भाच्या खेड्यांत प्रत्यक्षात दुसराच प्रकार शक्य असतो, म्हणून या नोंदीत मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे.

इंग्रजीतील 'आर्ट थेरपी' ही मूळ संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी 1942 मध्ये वापरात आणली. क्षयरोगासाठी आरोग्यधामात असताना चित्रे काढण्याचा स्वतःला झालेला उपयोग त्यांच्या ध्यानात आला होता. स्मृतिभ्रंशासाठी ही पद्धत बरीच नंतर आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2006 मध्ये रुग्ण आणि सोबती अशा जोड्यांसाठी चित्रदर्शनाचा उपक्रम सुरू केला, आणि सोबत्यालाही उपचारात धरण्याची कल्पना त्यामुळे बरीच पसरली.

गावात आजार कसा दिसतो

वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत या अवस्थेला सहसा आजार म्हणत नाहीत. 'बुढी चळली', 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून विषय संपतो. देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात 60 वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. आशा घरोघर भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे आरोग्याच्या प्राथमिक चाचपणीच्या प्रश्नावलीत, ज्येष्ठांसाठी 'जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का' असा प्रश्न असतो. तो रुग्णासमोर घाईत विचारला तर लाजेखातर घरचेच 'नाही' म्हणून मोकळे होतात. अंगणात बाजूला घेऊन विचारलेले बरे.

रंग हातात देण्याआधी तपासणी हवी. बी-12 ची कमतरता, थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य यांत माणूस स्मृतिभ्रंशासारखाच वागू शकतो, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. 'काहीच जमत नाही' असे जिच्याविषयी सांगितले जाते त्या आजीला पुष्कळदा मोतीबिंदू असतो, तेव्हा आधी ते ऑपरेशन करून घ्यावे. आणि काल ठीक असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश वाढलेला नसून लघवीचा संसर्ग, उष्माघात किंवा शरीरातील क्षारांचा बिघाड असू शकतो. त्या दिवशी कलोपचार नाही, दवाखाना.

हाताला का आठवते

अल्झायमर आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची हानी लवकर होते. सकाळी कोण आले होते, चहा झाला की नाही, या आठवणी तिथे धरल्या जातात, म्हणून त्या आधी जातात. वर्षानुवर्षे केलेल्या कामाची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरलेली असते आणि ती पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. सुनेचे नाव न आठवणारी म्हातारी फुलवात मात्र बिनचूक वळते ती याच कारणाने. त्यामुळे साधन निवडताना 'चित्रकलेत काय येते' हा प्रश्न गैरलागू ठरतो. या हातांनी पन्नास वर्षे काय केले, हे विचारावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईसमोर ब्रश आणि कोरा कागद ठेवणे म्हणजे तिला परीक्षेला बसवणे आहे. शहरी पुस्तिका वाचून गावात आलेले बहुतेक उपक्रम इथेच फसतात.

साधने

कापूस हे विदर्भातले सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस मूठभर पुरतो. सरकी रुग्णासमोर ठेवू नये, कारण ती तोंडात जाऊन घशात अडकू शकते. फुलवातीसाठी कापसाची दोन इंचांची पातळ चकती करून मध्ये चिमटतात आणि दुधाच्या बोटाने टोक पिळतात. लांब वातीसाठी तळहाताला चिमूटभर राख लावली की कापूस सरकत नाही. वाती निळ्या किंवा काळ्या कापडावर ठेवाव्यात. पांढऱ्या धोतरावर पांढरी वात म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस 'झालं, संपलं' म्हणून उठून जातो.

रांगोळीत हीच गोष्ट उलट्या बाजूने जमून आली आहे. वयाबरोबर, आणि या आजारात अधिकच, रंगांतला सूक्ष्म फरक कळेनासा होतो. निळा आणि हिरवा तर एकच वाटू शकतात. शेणाने सारवलेल्या गडद जमिनीवर पांढरी रेघ हा फरक अगदी ठळक करते. मात्र जमिनीवर वाकून बसणे गुडघ्यांना झेपत नाही, आणि उठताना पडण्याची भीती असते. म्हणून दीड बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी काळी रंगवून टेबलावर ठेवावी. सुरुवात चार ओळींत चार-चार ठिपक्यांनी करावी. तोंडात हात घालण्याची सवय असेल तर दगडाच्या भुकटीऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे. चुना कधीही घेऊ नये. डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो.

माती म्हटली की पोळ्याचे बैल आठवतात, आणि शेतकरी पुरुषांसाठी याहून चांगले साधन नाही. घराशेजारची काळी कापसाची माती वापरण्याचा मोह होतो, पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. दुसऱ्या दिवशी बैलाला तडे जातात, पाय गळतात, आणि ते पाहून आजोबा खचतात. कुंभाराकडची मळलेली माती आणावी. एका बैलाला पाव किलो पुरते. हिवाळ्यात कोमट पाण्याने मळावी. हाताला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर माती देऊ नये. वशिंड, शिंगे आणि खांदा यांवर आजोबांचे बोट आपोआप जाते. पाय जोडून देण्याचे काम सोबत्याने करावे. तान्ह्या पोळ्याला हेच बैल नातवंडांच्या हाती द्यावेत.

कणकेचे चित्रगोळे करायचे असल्यास दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी आणि दोन चमचे तेल हे प्रमाण चालते, गोळा काही दिवस टिकतो. पण रुग्ण वस्तू तोंडात घालत असेल तर इतके मीठ धोक्याचे आहे. मग साधी कणीक मळावी आणि त्याच दिवशी गुराला घालावी.

रंगांसाठी फाल्गुनात पळसाची फुले हाताशी असतात. पाण्यात उकळून गाळली की केशरी-पिवळा रंग मिळतो. हळद, गेरू आणि कोळसा घरात असतोच. शेंदूर मात्र वापरू नये, पारंपरिक शेंदरात शिसे असते. कपड्याची नीळ आणि रंगपंचमीचे बाजारी रंगही नकोत. विकतचे घ्यायचे तर मुलांसाठीचे बिनविषारी पोस्टर रंग, एका वेळी दोनच, लाल आणि पिवळा आधी. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड येते. ब्रश धुण्याचे पाणी पेल्यात किंवा लोट्यात ठेवले की ते प्यायले जाते, हे ठरलेले. त्याऐवजी ताटलीत ओला स्पंज ठेवावा.

बैठक कशी घ्यावी

घरी एकास एक, 20 ते 40 मिनिटे. समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत घ्यायची तर चार ते सहा रुग्ण आणि निदान दोन मदतनीस. वेळ सकाळची. दिवस कलताना या आजारात घालमेल वाढते, 'मले घरी जाऊ द्या' सुरू होते, आणि त्या वेळी नवे काम समोर ठेवल्याने भडका उडतो. चैत्र-वैशाखात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा साडेआठच्या आत आटोपावे आणि मध्ये पाणी पाजावे. रुग्णाला तहान सांगता येत नाही.

आधी लघवीला नेऊन आणावे, चष्मा पुसून घालावा. उजेड बाजूने यावा, समोरच्या दारातून डोळ्यांवर नको. टीव्ही बंद. रोज एकच जागा आणि सुरुवातीची एकच खूण. खंजिरीवर दोन मिनिटे भजन ही खूण या भागात फार चालते, कारण तुकडोजी महाराजांच्या भजनांची लय वयस्कर पिढीच्या अंगात भिनलेली आहे. गडचिरोलीत गोंडी किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या रुग्णाची नंतर शिकलेली मराठी अनेकदा आधी विरत जाते, तिथे बोलणे मायबोलीतच हवे.

मग साधन थेट हातात द्यावे आणि सोबत्याने स्वतः काम सुरू करावे. सूचना तोंडाने देण्यापेक्षा शेजारी बसून करणे जास्त लागू पडते. 'हे काय हाय, सांगा बरं?' हा प्रश्न टाळावा. उत्तर आले नाही की माणूस लाजतो, आणि लाजला की रागावतो. त्याऐवजी मदत मागावी: 'मामी, माही वात सुटून राह्यली, कशी वळू दाखवा ना.' हात आपोआप पुढे येतो, वात काढून घेतली जाते, बहुधा सुनेच्या अडाणीपणावर एखादा शेराही मिळतो. तो शेरा हेच त्या दिवसाचे यश.

संपवताना वस्तू ओढून घेऊ नयेत. 'चला, हात धुऊ, चहा ठेवला' म्हणावे. केलेल्या वस्तूवर नाव आणि तारीख घालावी.

काय बिघडते

नक्षी पाहून तशीच काढायला सांगितली की काही रुग्ण शेजारच्या मोकळ्या जागेऐवजी मूळ नक्षीवरच बोट फिरवतात. सुनेने ठिपके जोडून कमळ काढलेले असते, आजीचे बोट त्या कमळाच्याच पाकळीवरून फिरत राहते, पाकळी पुसत जाते, आणि सून म्हणते, 'अवं, तिकडं नाही, इकडं.' आजी हात मागे घेते. हा हट्ट नसून अल्झायमरमध्ये आढळणारे लक्षण आहे. नमुना आणि जागा वेगळी धरता येत नाही. उपाय म्हणजे नमुनाच काढून टाकणे. एकाच रांगोळीत एक रेघ तुमची, एक माझी.

दुसरी अडचण म्हणजे एकच रेघ कागद फाटेपर्यंत गिरवत राहणे. 'पुरे' म्हणून भागत नाही. कागद फिरवावा किंवा हातातला खडू बदलावा, साखळी तुटते. कधी काम करताना रडू येते. वाती वळताना मेलेल्या बहिणीची आठवण निघते. ते थांबवायची गरज नाही. पाठीवर हात ठेवून बसावे. 'ती तर कवाच गेली' अशी दुरुस्ती करू नये.

नातवंडे उत्तम सोबती असतात, पण शाळेच्या सवयीने चुका काढतात. त्यांना आधीच सांगावे की इथे चूक नसते. भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात. त्यांना अशा आजीच्या अंगणात बसवले तर गाणी तिच्या तोंडून पुढे सरकतात. खाऊ ओळखण्याच्या खेळात मात्र तिला ओढू नये, ती पुन्हा परीक्षाच.

सांभाळणारीचे काय

सांभाळणारी बहुधा सून किंवा म्हातारी बायकोच. कापूस वेचणीच्या दिवसांत तिला वेगळी 'बैठक' घ्यायला सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक भारा ठेवणे. आठवड्यातून दोन बैठका पुरतात, आणि तुरीच्या शेंगा सोलणे, सुपात धान्य घोळणे ही कामेही त्या दिवशीची बैठक धरायला हरकत नाही. बैठकीत तिने स्वतःची वात, स्वतःची रेघ करावी. दिवसभर खाऊ घाल, धू, आवर एवढेच नाते उरलेल्या दोघींना अर्धा तास बरोबरीने बसता येते. बैठक घ्यायला आशा किंवा शेजारीण येणार असेल, तर तेवढा वेळ तिने झोप काढली तरी योग्यच. तिची झोप, भूक, चिडचिड टिकेनाशी झाली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567.

उपयोग किती

कलोपचाराने गेलेली स्मृती परत येत नाही आणि आजाराची गती मंदावल्याचाही पुरावा नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात केवळ दोन अभ्यास, मिळून 60 रुग्ण, निकषांत बसले आणि ठोस निष्कर्ष निघू शकला नाही. याच्या तुलनेत गटाने घ्यायच्या बोधन-चालना पद्धतीच्या, म्हणजे गप्पा, गाणी, खेळ यांच्या 14 ठरावीक बैठकांच्या मागे अधिक भक्कम पुरावा आहे. सौम्य ते मध्यम अवस्थेत दोन्ही मिसळून घेण्यास अडचण नाही. मोजायचे असेल तर वहीत प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात: किती मिनिटे बसले, चेहरा कसा होता, किती बोलले, नंतरच्या तासाभरात कितपत घालमेल झाली. चित्र बरे झाले की वाईट, हे लिहू नये. विल्यम उटरमोलेन या चित्रकाराने 1995 मध्ये निदान झाल्यावर काढलेली स्वतःच्या चेहऱ्याची चित्रे आजार कसा वाढतो हे दाखवायला नेहमी पुढे केली जातात. ती मुरलेल्या चित्रकाराची होती. शेतकऱ्याच्या मातीच्या बैलावरून त्याच्या मेंदूचे निदान करू पाहणे चूक.

शेवटच्या अवस्थेत हात काही घडवत नाही, फक्त चाचपतो. तेव्हा जुन्या लुगड्याचे काठ, गोधडीचा जाड टाक्यांचा तुकडा, लाकडी नंदी अशा वस्तू एकेक करून तळहातावर ठेवाव्यात. वस्तू मुठीत मावून तोंडात जाईल इतकी लहान नसावी, तिला सुटे मणी किंवा घुंगरू नसावेत. बोटे मिटली तर तशीच राहू द्यावी. हात बाजूला सरकला की वस्तू उचलून घ्यावी.