अनुदान हवंय? मग मशीनची ऑर्डर थांबवा

“मशीन घेऊन टाकलंय, आता तेवढं अनुदान बसवून द्या.” अनुदान सल्लागार म्हणून आमच्याकडे सर्वाधिक येणारी मागणी हीच, आणि आमचं उत्तरही ठरलेलं: वरातीमागून घोडं.

सौर शीतखोली, सौरपंप, बायोगॅस, धान्यप्रक्रिया अशा खाजगी उद्योगांना विकसनशील देशांत अनुदान देणारे फंड आहेत. आफ्रिका एंटरप्राइज चॅलेंज फंड 2008 पासून आहे, स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांना पैसे देणारा ईईपी आफ्रिका 2010 पासून. निवड स्पर्धेतून होते आणि स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला आपला वाटा, घालावा लागतो. गोची होते ती या स्वहिश्शात.

फंडासोबतच्या करारावर सही होण्याआधी झालेला खर्च बहुतेक फंड धरत नाहीत. समजा प्रकल्प 100 चा आणि निम्मा वाटा तुमचा. त्यातले 40 आधीच खर्चून बसलात, तर फंडाच्या हिशेबात 60 चाच प्रकल्प उरतो. 50 ऐवजी 30 हातात पडतात. त्यातही फंड विचारतो, आमच्या पैशाशिवाय हे काम झालं नसतं का? मशीन शेडमध्ये उभं असेल तर काय उत्तर देणार?

“नुसता अ‍ॅडव्हान्स दिलाय” हीसुद्धा पळवाट नाही. तपासणारा माणूस करारनामा आणि बिलं शेजारी ठेवतो. आधी तारखा बघतो, आकडे मग. दर वाढतील म्हणून पुरवठादार घाई करणारच. त्याच्याकडून मुदत लिहिलेलं कोटेशन घ्या, ऑर्डर नको. तोवर जागेची कागदपत्रं, परवाने, डिझेल-विजेचा वापर, मालाच्या नासाडीच्या नोंदी तयार ठेवा. प्रस्तावाला वजन या नोंदींनी येतं, गुळगुळीत भाषेने नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने, बऱ्याचदा काम दाखवल्यावर मिळतात. खेळतं भांडवल हाताशी हवं.

आम्ही मंजूर रकमेवर टक्केवारी घेत नाही, फी आधी ठरवतो. काहींना ते खटकतं. पण टक्केवारीवर काम करणारा सल्लागार आकडा फुगवतो, आणि फुगलेला आकडा छाननीत पहिला सापडतो.

ऑर्डर देण्याआधी कोटेशन आणि फंडाची नियमावली घेऊन या. पहिली पाहणी मोफत. प्रस्ताव बसत नसेल तर त्याच बैठकीत सांगतो. पैसे भरून झाले असतील तर पावत्याही आणा, उरलेल्या कामाचा वेगळा टप्पा करता येतो का ते पाहू.