मॅकबेथ : महत्त्वाकांक्षा, अपराधभाव आणि पुरुषपण

विल्यम शेक्सपिअरच्या चार थोर शोकांतिकांपैकी सर्वांत आटोपशीर शोकांतिका. ती १६०६च्या सुमारास लिहिली गेली आणि १६२३च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, प्रथम छापली गेली. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ हा तीन चेटकिणींचे भाकीत ऐकून आणि पत्नीच्या आग्रहामुळे, घरी पाहुणा आलेल्या राजा डंकनचा झोपेत खून करतो. गादी टिकवण्यासाठी तो आणखी माणसे मारतो आणि अखेर मॅकडफ या सरदाराच्या हातून मरतो. महत्त्वाकांक्षा, अपराधभाव आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिका हे या नाटकात एकाच दोराचे तीन पेड आहेत. त्यांना पीळ बसतो तो ‘मॅन’ या एका शब्दाने.

इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, माणूस आणि पुरुष. पहिल्या अंकाच्या शेवटी मॅकबेथ खुनाचा बेत सोडून देतो आणि म्हणतो की, ‘मॅन’ला शोभेल ते सारे करण्याची माझी हिंमत आहे, त्यापलीकडे जाईल तो ‘मॅन’ नव्हेच. लेडी मॅकबेथ तोच शब्द उचलून त्याच्यावर उलटवते : करायची हिंमत होती तेव्हा तुम्ही ‘मॅन’ होतात. तो माणुसकीची मर्यादा सांगतो आहे आणि ती मर्दपणाला आव्हान देते आहे. मराठीत भाषांतर करणाऱ्याची इथे खरी अडचण होते. दोन्हीकडे ‘माणूस’ घातले तर तिचा टोमणा बोथट होतो. दोन्हीकडे ‘मर्द’ घातले तर त्याच्या बोलण्यातली नीती निघून जाते. दोन वेगळे शब्द वापरावेत, तर तिने त्याचाच शब्द हिसकावून घेतला हे दिसत नाही. डंकनचा जीव या हिसकाहिसकीत जातो.

राज्याची इच्छा मात्र तिने त्याच्या मनात घातलेली नाही. चेटकिणींचे बोल ऐकताच तो दचकतो आणि खुनाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचे वर्णन तो घोडेस्वाराच्या भाषेत करतो : जास्तीची उडी मारून पलीकडच्या बाजूला कोसळणारा स्वार. पत्नीला भीती वाटते ती त्याच्या स्वभावात माणुसकीचे दूध फार आहे याची. दुधाची ही प्रतिमा मग तिच्या अंगावर येते. आपले स्त्रीपण काढून घ्या, छातीतले दूध घेऊन त्याजागी पित्त भरा, अशी ती अदृश्य शक्तींना विनवणी करते. पुढे तर म्हणते की, तुमच्यासारखी शपथ मी घेतली असती, तर दूध पिणारे मूल हिरड्यांतून स्तन सोडवून आपटले असते. ते मूल नाटकात कुठेच नाही. इतिहासातल्या राणीचे नाव ग्रुओख होते आणि तिला पहिल्या नवऱ्यापासून लुलाख नावाचा मुलगा होता. नाटकात तिला स्वतःचे नावही नाही. समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली ‘लेडी मॅकबेथला मुले किती?’ अशा मथळ्याच्या निबंधात पात्रांना खरी माणसे समजणाऱ्या समीक्षेची थट्टा केली. तरीही निष्फळ मुकुट आणि वांझ राजदंड या विचाराने मॅकबेथ आपला सोबती बँक्वो याच्या वंशावर उठतो (त्याचे वंशज राजे होतील, असे चेटकिणींनी सांगितलेले असते), तेव्हा त्या मुलाची आठवण टाळता येत नाही.

लेडी मॅकबेथला राक्षसीण ठरवणारे वाचन उथळ आहे. क्रौर्य अंगात असते तर ते मागावे लागले नसते. झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला नसता, तर आपणच वार केला असता, असे ती स्वतःशी कबूल करते.

खुनानंतर मॅकबेथला ‘मॅकबेथने झोपेचा खून केला’ असा आवाज ऐकू येतो. समुद्रदेव नेपच्यूनचा सारा समुद्रही हे हात धुऊ शकणार नाही, असे तो म्हणतो. ती म्हणते, थोड्या पाण्याने भागेल. पाचव्या अंकात पारडे पूर्ण फिरलेले असते. ती झोपेत चालते, हात चोळते, डाग जात नाही म्हणते. अरबस्तानातली सगळी अत्तरेही या इवल्या हाताला सुगंधी करू शकत नाहीत. पद्यात बोलणारी राणी इथे तुटक गद्यात बोलते. तो मात्र भीतीची चवच विसरला आहे आणि तिच्या मृत्यूच्या बातमीवर त्याला धड रडताही येत नाही. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी १९१६च्या निबंधात या दोघांना एकाच मनाची दोन शकले मानले आहे. अभिनेत्री सारा सिडन्स हिने १७८५ साली लंडनमध्ये झोपेत चालण्याचा हा प्रवेश करताना हातातली मेणबत्ती खाली ठेवली. मेणबत्ती हातातच धरण्याची रूढी मोडली, पण हात धुण्यासाठी दोन्ही हात मोकळे झाले.

मधल्या काळात काय घडले याचे उत्तर एका छोट्या संवादात आहे. बँक्वोवर मारेकरी घालताना मॅकबेथ पत्नीला काहीच सांगत नाही. लाडके, तुला हे ठाऊक नसलेलेच बरे, असे म्हणतो. मारेकऱ्यांना मात्र तो तिच्याच युक्तीने, त्यांच्या मर्दपणाला डिवचून, तयार करतो. तिने शिकवलेला धडा तो पुरता शिकला आहे आणि त्यात बायकोला कटात सामील करून घेणे बसत नाही. एकटी पडलेल्या तिच्याकडे उरतो तो नुसता डाग.

कथेचा आधार इंग्रज इतिहासकार हॉलिनशेडची बखर आहे. तिथला डंकन मवाळ राजा आहे आणि बँक्वो खुनात सामील आहे. पाहुण्या राजाला बायकोच्या सांगण्यावरून मारण्याचा प्रसंग शेक्सपिअरने त्याच बखरीतल्या डॉनवाल्ड नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या कथेतून उचलला. ऐतिहासिक डंकन १०४० साली लढाईत पडला आणि मॅकबेथने १०५७पर्यंत राज्य केले. १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँक्वोचा वंशज मानत असे, म्हणून बँक्वो नाटकात निर्दोष झाला असावा. त्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करत. स्त्रीपण काढून घ्या ही विनवणी आधी एका मुलग्याच्या तोंडून ऐकू आली. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने हे नाटक मराठीत आणले तेव्हा आपल्या रंगभूमीवरही पुरुषच लुगडे नेसत. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये (१९५४) मात्र दुर्गा खोटे होत्या.

‘मॅन’चा तिसरा अर्थ चौथ्या अंकात येतो. बायको-मुले मारली गेल्याचे कळून सुन्न झालेल्या मॅकडफला डंकनचा मुलगा माल्कम म्हणतो, पुरुषासारखा तोंड दे. मॅकडफचे उत्तर : देईन, पण मला ते माणसासारखे सोसलेही पाहिजे. अख्ख्या नाटकात पुरुष आणि माणूस हे दोन अर्थ इथे, एका वाक्यापुरते, भांडत नाहीत. पुढच्याच क्षणी तो डोळे पुसून तलवारीची भाषा बोलतो आणि माल्कम त्याला शाबासकी देतो : हा सूर मर्दाचा. भाकिताप्रमाणे मॅकबेथला स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी मारू शकत नाही. मॅकडफला तर मुदतीपूर्वी आईचे पोट फाडून काढलेले असते. तो डंकनच्या मुलासमोर मॅकबेथचे शिर आणून ठेवतो, तेव्हा रंगमंचावर एकही स्त्री उरलेली नसते.